प्रतिसाद: सहा तासांचं टेक्नेशियम रुग्णालयात पोचतं कसं?

रुग्णालयातल्या तपासण्यांसाठी वापरतात त्या किरणोत्सारी टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा वेळ) ६ तासांचं, मग अणुभट्टीपासून रुग्णालयापर्यंत उरतं काय, असं एकाने विचारलंय. प्रश्न अगदी रास्त आहे. खरं तर टेक्नेशियम पाठवतच नाहीत, पाठवतात त्याचा जनक, म्हणजे ज्याच्या क्षयातून ते तयार होतं ते मॉलिब्डेनम-९९. त्याचं अर्धायुष्य ६६ तास, म्हणजे आठवडाभर काम भागतं.

रुग्णालयात येतं ते एक उपकरण: शिशाच्या जाड आवरणात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) भरलेली छोटी नळी असते, त्या ॲल्युमिनाला मॉलिब्डेट, म्हणजे मॉलिब्डेनम आणि ऑक्सिजनचा ऋणभारित आयन, चिकटलेलं असतं. बीटा क्षयात मॉलिब्डेनमच्या केंद्रकातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो. अणुक्रमांक ४२चा ४३ होतो, वस्तुमानांक ९९च राहतो. मूलद्रव्य बदललं की रसायनही बदलतं! मॉलिब्डेटवर दोन ऋणभार, परटेक्नेटेटवर (टेक्नेशियमच्या तशाच आयनावर) एकच, त्यामुळे त्याची पकड सैल. सकाळी नळीतून सलाईन सोडलं की टेक्नेशियम तेवढं धुऊन बाहेर येतं, मॉलिब्डेनम जागेवर राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुन्हा पुरेसं साठतं. मला यातली ही रासायनिक बाजूच सर्वांत सुंदर वाटते.

आणि दर ६ तासांनी निम्मं होतं म्हणजे ते 'नाहीसं' होत नाही बरं का. १४० केईव्ही (किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) ऊर्जेचा गॅमा किरण सोडून त्याचं टेक्नेशियम-९९ होतं, ज्याचं अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून जास्त आहे. पण तपासणीतली मात्रा इतकी सूक्ष्म की त्याची किरणोत्सारिता नगण्य ठरते.