पहिल्या आठवड्यातले तीन किलो
ताई, आठवड्यात तीन किलो उतरले म्हणजे वजन घटवायची पावडर लागू पडली, असं तुम्ही म्हणता. पण एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. सात दिवसांत तीन किलो चरबी कुठून जाणार? गेलं ते बहुतेक पाणी. खाणं घटलं की शरीरातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणीही निघून जातं. नीट जेवायला लागलात की ते परत येतं.

मला खरी काळजी वाटते ती 'शंभर टक्के हर्बल' गोळ्यांची. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयाला धोका म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत बंद झालं, तरी लेबलवर न लिहिता ते अशा गोळ्यांत मिसळलेलं अनेकदा सापडलंय. धडधड वाढली, झोप उडाली तर गोळी लगेच थांबवा आणि डबा घेऊनच डॉक्टरांकडे जा.