आहुतीनंतरचे ‘न मम’ यजमानानेच का म्हणायचे?

प्रश्न

गेल्या महिन्यात आमच्या नव्या सदनिकेची वास्तुशांत झाली. नवग्रहांच्या होमात समिधा, चरू (होमासाठी शिजवलेला भात) आणि तूप गुरुजी अग्नीत सोडत होते. मी पाटावर बसून प्रत्येक आहुतीनंतर ‘इदं न मम’ एवढेच म्हणायचे होते. आहुती देणारे ते आणि ‘हे माझे नाही’ म्हणणारा मी, ही विभागणी कशासाठी? प्रजापतीच्या आहुतीला तर गुरुजींनी मंत्रही ऐकू येईल असा म्हटला नाही. एका नातेवाइकांच्या मते हे सारे हवेच्या शुद्धीसाठी असते, पण ते मला पटले नाही. होमाचा मूळ हेतू जाणकारांनी सांगावा.

प्रतिसाद १

वैदिक यज्ञांचे विधी सांगणाऱ्या कात्यायन श्रौतसूत्रात यज्ञाची व्याख्या तीनच शब्दांत आहे: द्रव्य, देवता आणि त्याग. तिच्यात अग्नीचा उल्लेखही नाही. तूप हे द्रव्य, ज्या देवतेला उद्देशून ते काढून ठेवले ती देवता, आणि त्या तुपावरचा आपला हक्क सोडणे हा त्याग. हक्क ज्याचा असतो त्यालाच तो सोडता येतो. सामग्री तुमची, संकल्प तुमच्या नावगोत्राने झालेला, म्हणून ‘न मम’ तुम्हीच म्हणायचे. अग्नीत द्रव्य सोडण्याचे काम मात्र दक्षिणा देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येते.

वेदांतील कर्मकांडाचा अर्थ लावणारे शास्त्र म्हणजे मीमांसा; तिच्या जैमिनीकृत सूत्रांवर शबरस्वामींनी लिहिलेल्या शबरभाष्यात याग, होम आणि दान यांतील फरक याच धाग्याने उलगडला आहे. देवतेला उद्देशून केलेला त्याग म्हणजे याग, त्याला अग्नीत टाकण्याची जोड मिळाली की होम, आणि आपला हक्क सोडून त्यावर दुसऱ्याचा हक्क निर्माण केला की दान. गंमत अशी की देवतेला शरीर असते, ती हविर्द्रव्य (आहुतीत दिलेला पदार्थ) खाते किंवा त्याची मालक होते, यांपैकी काहीही शबरस्वामींना मान्य नाही. फळ मिळते ते कर्मातून उत्पन्न होणाऱ्या ‘अपूर्व’ नावाच्या अदृश्य सामर्थ्यामुळे, देवता प्रसन्न झाल्यामुळे नव्हे. कर्मकांडाचा एवढा कट्टर पुरस्कर्ता देवांविषयी इतका कोरडा असावा, याचे मला आजही नवल वाटते.

प्रजापतीविषयी शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात एक कथा आहे. मन श्रेष्ठ की वाणी, असा वाद प्रजापतीकडे गेला आणि त्याने मनाच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा दुखावलेल्या वाणीने ‘तुझे हवी मी वाहणार नाही’ असे त्याला बजावले. म्हणून प्रजापतीसाठीचे कर्म ऐकू न येईल असे करतात. तुमच्या गुरुजींनी तोच संकेत पाळला.

प्रतिसाद २

हवेच्या शुद्धीबद्दल एवढेच सांगतो की तूप आणि लाकूड जळताना प्राणवायू वापरला जातो, तयार होत नाही. तुपाच्या आहुतीतून प्राणवायू निर्माण होतो असे सांगणारे जे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात, ते रसायनशास्त्राला धरून नाहीत. बंद सदनिकेत होम करताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. घरात दम्याचा रुग्ण असेल तर हे अधिकच आवश्यक आहे.

प्रतिसाद ३

पहिला प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु मीमांसकांचे मत म्हणजेच ‘मूळ हेतू’ असे म्हणणे मला मान्य नाही. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत अग्नी हा पुरोहित आणि ‘होता’ (देवांना आवाहन करणारा ऋत्विज) आहे. इतर सूक्तांत तो देवांचा दूत आहे, हवी वाहून नेणारा आहे आणि देवांना यज्ञात घेऊन येणाराही आहे. त्या कवींच्या दृष्टीने देव खरोखरच येतात आणि तृप्त होतात. तुमच्या घरचा नवग्रहहोम हे तर शांतिकर्म आहे. सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा आणि केतूला दर्भ, अशी प्रत्येक ग्रहाची समिधा ठरलेली असते, आणि त्या त्या ग्रहाची पीडा टळावी हा उद्देश तिथे उघड असतो. दुसरीकडे, ज्ञानेश्वर पसायदानात विश्वात्मक देवाने ‘वाग्यज्ञें तोषावें’, म्हणजे वाणीच्या यज्ञाने संतुष्ट व्हावे, असे मागतात. तिथे समिधा नाहीत आणि तूपही नाही, तरी देवाने संतुष्ट व्हावे ही अपेक्षा कायम आहे. शबरस्वामींना नेमकी तीच रुचली नसती.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आता एक शंका उरते. आहुती इतक्या भराभर पडत होत्या की माझे ‘न मम’ अनेकदा मागे पडले, काही वेळा राहूनच गेले. त्या आहुतींचे काय?

प्रतिसाद १

काळजी नसावी. आहुती पुष्कळ असतात तेव्हा यजमानाकडून एकत्रित त्यागसंकल्प करवून घेण्याची पद्धत आहे. ज्या ज्या देवतांसाठी हे हविर्द्रव्य आहे त्या त्या देवतांना मी ते दिले, आता ते माझे नाही, अशा अर्थाचे संस्कृत वाक्य म्हणून यजमान हातावरून पाणी सोडतो. गुरुजींनी ताम्हनात पाणी सोडायला सांगितल्याचे तुम्हाला आठवत असेल. त्यांपैकी एक पाणी बहुधा याच संकल्पाचे असावे.