इंटरने नुसती भिंत बांधून चालणार नाही

शनिवारी (१० जून २०२३) इस्तंबूलला, चॅम्पियन्स लीग या युरोपियन क्लब फुटबॉल स्पर्धेच्या फायनलमध्ये आपल्या इंटर मिलानने मँचेस्टर सिटीपुढे नव्वद मिनिटं दहा माणसं मागे ठेवावीत, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. सेमीफायनलला सिटीच्या एतिहाद मैदानावर रेआल माद्रिद पूर्वार्धभर स्वतःच्या अर्ध्यात अडकून पडलं आणि ४-० ने गेलं.

सिटीच्या स्ट्रायकर हालांडचे २०२२-२३ च्या मोसमात ५२ गोल आहेत, त्याची धास्ती सगळ्यांनाच. पण मला जास्त भीती त्यांचा बचावपटू स्टोन्स याची वाटते. चेंडू सिटीकडे असला की तो बचावफळी सोडून मिडफिल्डर रॉड्रीच्या बाजूला येऊन उभा राहतो. मग मधल्या पट्ट्यात त्यांचे चार होतात आणि आपले तीनच, आपला मिडफिल्डर बारेला धावून धावून किती धावणार? म्हणून आपला फॉरवर्ड लाउतारो याने खाली येऊन रॉड्रीला सावलीसारखं चिकटावं. दुसरा फॉरवर्ड जेको याला मात्र कुठल्याही परिस्थितीत वरच ठेवा. आपला गोलकीपर ओनाना याचा पाय गोलकीपरच्या मानाने कमाल आहे. सिटीने प्रेस केलं, म्हणजे चेंडू हिसकावायला अंगावर धावून आले, की त्याने सरळ लांब चेंडू जेकोच्या छातीवर टाकावा आणि डावीकडून विंगबॅक दिमार्कोने सुसाट निघावं. स्टोन्स पुढे गेल्यावर मागे जी जागा उरते, ती तिथेच सापडेल.

बचाव आपला भक्कम आहेच. पोर्तो, बेन्फिका, एसी मिलान मिळून बाद फेरीच्या सहा सामन्यांपैकी पाचांत एकही गोल खाल्लेला नाही. साठाव्या मिनिटापर्यंत ०-० राहिलं तर बदली स्ट्रायकर लुकाकूला उतरवा, दमलेल्या बचावपटूंना तो नकोसा होईल.