कुरकुर आणि विलाप यांतील भेद

तक्रारीचा विचार मनात येताच तो दाबून टाकावा आणि केवळ उपकारस्तुती करावी, म्हणजे देवाचे आभार मानावेत, असा सल्ला अनेकदा दिला जातो. उपकारस्तुतीच्या महत्त्वाविषयी दुमत नाही. मात्र दाबून टाकण्याचा सल्ला मला अपुरा वाटतो, कारण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कुरकुर आणि विलाप यांत स्पष्ट भेद करते.

बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात समुद्र ओलांडल्याचे गीत गाणारे इस्राएल लोक अवघ्या तीन दिवसांच्या वाटचालीनंतर मारा नावाच्या ठिकाणच्या कडू पाण्यावरून आपला पुढारी मोशे याच्याविरुद्ध कुरकुर करू लागतात. त्यांची तहान खोटी नव्हती, हे आपण सहसा विसरतो. त्यांचे चुकले ते एवढेच की ज्या देवाने समुद्र दुभंगला त्याच्याकडे न वळता ते माणसावर उलटले. देवाला हाक मारली ती मोशेने, आणि उत्तरही त्यालाच मिळाले. याउलट बायबलमधील 13व्या स्तोत्रात दावीद राजा ‘कोठवर?’ असे परमेश्वरालाच वारंवार विचारतो आणि त्याच प्रार्थनेत पुढे गाऊ लागतो.

कुरकुर देवाविषयी इतरांशी बोलते, तर विलाप देवाशीच बोलतो. म्हणून एखाद्या सहविश्वासू व्यक्तीविषयी कोणाकडे बोलण्यापूर्वी तीच गोष्ट मी प्रथम प्रार्थनेत, जशीच्या तशी, कटू शब्दांसह मांडतो. पुष्कळदा त्यानंतर ती इतरांना सांगण्याची गरजच उरत नाही. उरलीच, तर मत्तयच्या शुभवर्तमानातील 18:15 या वचनाप्रमाणे त्या व्यक्तीशी एकांतात बोलणे शक्य होते.