मदत हवी आहे: रोज अकराच्या आधी टीव्ही जातो, मिस्त्री म्हणतो मोठी छत्री घ्या

राम राम मंडळी. गाव औसा तालुक्यात. घरावर महिन्याला पैसे न भरावे लागणारी दोन फुटी छत्री आहे. २९ सप्टेंबरपासून रोज अकराला दहा कमी झाले की चित्रात चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि ‘नो सिग्नल’. अकराच्या आत आपोआप परत येतं. पहिल्या दिवशी दोनच मिनिटं गेलं, आज २ तारखेला सहा-सात मिनिटं. आभाळ स्वच्छ, दुपारी-रात्री काही त्रास नाही.

मिस्त्री म्हणतो, मराठवाडा सॅटेलाइटच्या कडेला येतो, तीन फुटी छत्री लागेल. इकडे मी गच्चीवर चढलो की आबा खालून ओरडतात, “काय करूलालास रे वर?” खर्च करावा का?

खटका: टीव्ही जातो तेव्हा सेटिंगमध्ये सिग्नलचे पट्टे बघा. दोन्ही पडतात का?

धागाकर्ता: बघितलं. स्ट्रेंग्थ भरलेली, क्वालिटी शून्य.

खटका: मग वायर, एलएनबी (छत्रीपुढच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा) कशालाच हात लावू नका. वायर तुटली असती तर दोन्ही पट्टे बसले असते. हा सूर्याचा प्रताप आहे.

तुमची छत्री डीडी फ्री डिशची असेल तर ती जीसॅट-१५ या सॅटेलाइटकडे बघते. तो २०१५ च्या नोव्हेंबरात गेला, ९३.५ अंश पूर्वेला, विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीच्याच वेगाने फिरतो म्हणून आपल्याला एका जागी थांबलेला वाटतो. लातूरकडून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६१ अंश वर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य दक्षिणेकडे सरकताना काही दिवस रोज त्याच्या नेमका मागे येतो. सूर्यही रेडिओ लहरी फेकतोच. जत्रेतल्या भोंग्यापुढे माणूस कुजबुजला तर काय ऐकू येणार? भोंग्याचा आवाज म्हणजे तुमची भरलेली स्ट्रेंग्थ.

कडेला येण्याचं म्हणाल तर त्याचा झोत भारताच्या सगळ्या मुख्य भूमीवर पडतो. किनवट काय आणि परांडा काय, छत्री तीच. अंदमान-निकोबारसाठी दूरदर्शनला सी-बँडवर (वेगळ्या लहरींवर) वेगळी सोय करावी लागली, त्याला कडेला म्हणतात! तुमचा सिग्नल खरंच अशक्त असता तर पावसाळाभर रोज रडला असता. आणि मोठ्या छत्रीनेही सूर्य टळत नाही, फार तर मिनिटं कमी होतील.

धागाकर्ता: पण शेजारच्या काकूंची पैसेवाली छत्री अकराला चालू असते, त्याचं काय?

खटका: तिचं तोंड तुमच्यापेक्षा जरा दक्षिणेकडे आहे का? मग ती ८३ अंशांवरच्या दुसऱ्या सॅटेलाइटची असेल. सूर्य तिथे उशिरा पोचतो. उद्या पावणेबाराला त्यांच्याकडे चहाला जा.

कडबा_कुट्टी: आमच्याकडे उदगीरला मार्चातही असंच झालं होतं, पण वेळ सव्वाअकराची होती.

खटका: बरोबर. मार्चात सूर्य उत्तरेला येताना पुन्हा तीच रेघ ओलांडतो, १२ मार्चच्या आगेमागे.

धागाकर्ता (६ ऑक्टोबर): कालपासून आमचं बंद पडलेलं नाही. आणि ३ तारखेला काकूंचा टीव्ही पावणेबाराच्या सुमारास गेला, चहा अर्धा असतानाच. त्यांनी लगेच त्याच मिस्त्रीला फोन लावला, मी मध्येच थांबवलं.