तुर्भ्याच्या बंद खाणीतलं जुनं इंजिन कुणाला ओळखता येईल का?

मंडळी, मदत हवी आहे. तुर्भ्याच्या मागच्या डोंगरात बरीच वर्षं बंद पडलेली एक दगडखाण आहे. वॉचमनकाकांना विचारून परवा आत जाऊन आलो. तिथे दोन यंत्रं गंजत पडली आहेत.

पहिलं ओळखलं: जॉ क्रशर, म्हणजे जबड्यात दगड फोडायचं यंत्र. एक जबडा पक्का, दुसरा पुढे-मागे हलणारा, मधे काळा बसाल्ट अजून अडकलेला. हा प्रकार ब्लेक नावाच्या अमेरिकन माणसाने 1858 साली पेटंट केला, बाकी तत्त्व आजही तेच.

घोडं अडलंय दुसऱ्यापाशी. उभा एकच सिलिंडर, दोन्ही बाजूंना कमरेएवढी आऱ्यांची फ्लायव्हील, सुरू करायला हँडल लावायची जागा. आमच्या गावच्या गुऱ्हाळावर पुक-पुक करणारं इंजिन होतं, अगदी त्याचाच भाऊ! पितळी पट्टी घासून पाहिली, तर फक्त '650' एवढंच वाचता आलं. इंग्लंडच्या लिस्टर सीएस इंजिनाचा वेग मिनिटाला 650 फेरे असायचा, म्हणून संशय तिकडे जातो. पण राजकोटला याच्या हुबेहूब नकला ढिगाने झाल्या.

अस्सल की राजकोटचं, हे ओतकामावरून कसं ओळखायचं? नंबर नेमका कुठे कोरलेला असतो? आणि एवढ्याशा इंजिनावर क्रशर चालणार नाही, मग ते खाणीतलं पाणी उपसायला असेल का?

फोटो कमेंटमध्ये टाकतो. जरा लवकर सांगा, भंगारवाला दोनदा वजनाचा अंदाज घेऊन गेलाय.