सुगंधी मेणाचा वास संपला, मेण मात्र तेवढंच. वॉर्मरमधून काढायचं कसं?

म्हार्दोळची सून

नमस्कार मंडळी. प्रश्न क्षुल्लक आहे, पण त्यापायी घरात दोनदा वादावादी झाली, म्हणून विचारते.

गेल्या चवथीला नणंद पुण्याहून आली ती एक इलेक्ट्रिक वॉर्मर घेऊन. पांढऱ्या चिनीमातीचा, आत लहानसा बल्ब, वर वाटी. वाटीत सुगंधी मेणाच्या वड्या ठेवायच्या, बल्बच्या उष्णतेने त्या वितळतात आणि घरभर वास पसरतो. वास कसला, तर जाईचा! जायांच्या पूजेच्या गावात जाईचा वास विकत घेऊन येणारी माझी नणंद. सासूबाईंनी डबा उलटसुलट करून पाहिला, एक अक्षर न बोलता बाजूला ठेवला आणि पुन्हा जायांचा हार गुंफायला बसल्या. वॉर्मर गेला माळ्यावर.

यंदा जूनपासून पावसाने उसंत दिली नाही. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट, कपाटाच्या पाठीला बुरशी, गाद्यांना तो कुबट वास. तेव्हा वॉर्मर आठवला. लावला, आणि खोटं कशाला बोलू, आवडला.

पाच-सहा संध्याकाळी छान गेल्या. मग वास येईनासा झाला. मेण मात्र जेवढं घातलं तेवढंच! समईतलं तेल संपतं, मेणबत्ती संपते, मग हे का संपत नाही?

पहिल्यांदा सुरीने खरवडलं. मेण निघालं, पण वाटीच्या चकाकीवर दोन ओरखडे उठले. दुसऱ्यांदा शहाणपणा केला. मेण वितळवून किचनच्या बेसिनमध्ये ओतलं आणि वरून किटलीभर कढत पाणी. दोन दिवसांनी बेसिन तुंबलं. नवऱ्याने खाली बसून पाइप खोलला तर आत जाईच्या वासाचा पांढरा बूच. तो काय म्हणाला ते इथे लिहीत नाही.

आता तिसरी खेप वाटीत थिजून बसली आहे. वाटी सुटी होत नाही, खालच्या भागाला जोडलेली आहे. काय करू? की नव्या वड्या जुन्यावरच टाकू?

डिचोलीचा दादा

ताई, कापूस. वातींसाठी घरात असतोच तो.

मेण पूर्ण वितळू दे, बटण बंद करा, प्लग काढा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. मेण उकळत नसतं, पण बोटाला चटका बसेल इतपत गरम असतं, म्हणून हाताने नको, चिमट्याने. कापसाचे बोळे वाटीत सोडा, मेण शोषून घेतात. मोठ्या वाटीला चार-पाच लागतील. मग वाटी कोमट असतानाच जुन्या कापडाने पुसून घ्या.

बोळे फेकू नका. आमच्या न्हाणीत अजून चूल आहे, पाणी भाणात (मोठ्या हंड्यात) तापतं. पावसात सोडणं (नारळाच्या शेंड्या) ओली, चुडतं (माडाच्या झावळ्या) ओली, फुंकून फुंकून डोळे लाल होतात. एक मेणाचा बोळा खाली सरकवला की पेटलीच म्हणून समजा. देवापुढे मात्र वात म्हणून लावू नका, काजळी धरेल.

काणकोणकर

स्पिरिटने पुसलं की मेण जातं असं कोणीतरी सांगितलं होतं. घरात स्पिरिट नव्हतं, फेणी होती. अर्धा पेला घातला वाटीत. मेण होतं तिथेच आहे, आणि खोलीला जो वास येतोय त्यावरून बायको वेगळेच प्रश्न विचारतेय.

मडगावची मेणवाली

काणकोणकर, फेणी प्या, वाया घालवू नका. मेण अल्कोहोलात विरघळत नाही. वर राहिलेला सुगंधी तेलाचा चिकटपणा स्पिरिटने निघतो, पण तोही वाटी पूर्ण गार आणि प्लग काढलेला असताना. गरम वाटीजवळ फेणी म्हणजे भडका. हे पुन्हा करू नका, विनोद म्हणूनही.

म्हार्दोळच्या ताई, मी घरी मेणबत्त्या बनवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचं मेण संपत नाही कारण त्यात वात नाही. मेणबत्तीत वात पातळ मेण वर ओढते आणि खरं तर तेच मेण जळत असतं. वॉर्मर काहीच जाळत नाही, नुसतं पातळ करतो. उडून जातं ते मेणात मिसळलेलं सुगंधी तेल. ते गेलं की उरतं बिनवासाचं मेण, वजनाला जवळजवळ तेवढंच. तुमची फसवणूक झालेली नाही.

आता काढायचं कसं, ते मेणाच्या जातीवर. जुन्या गोव्यात बॉम जेझुस चर्चच्या बाहेर नवसाचे मेणाचे हात-पाय विकायला असतात ना, तसं कडक मेण असेल तर सोपं. कडक मेण थिजताना आक्रसतं आणि कडेपासून सुटू पाहतं. वाटी पूर्ण गार झाली, मेण घट्ट झालं की बटण दोन-तीन मिनिटंच चालू करा. तळाचा पातळ थर तेवढा सुटतो, वरचं घट्टच राहतं. लगेच बंद करून प्लग काढा, अंगठ्याने एका कडेला दाबा. अख्खी चकती सरकून हातात येते. सुरी नको, चमचा नको.

सोया मेण मऊ असतं. साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास, कधी त्याच्याही आधी वितळतं, फारसं आक्रसत नाही आणि आपल्याकडच्या दमट उकाड्यात नखाने दाबलं तरी खळगा पडतो. ते चकती होऊन निघेल याची खात्री नाही. तिथे डिचोलीच्या दादांचा कापूसच बरा.

वाटी सुटी असेल त्यांनी ती दहा-पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवावी, टिचकी मारली की मेण उडून येतं. पण ताई, तुमची वाटी जोडलेली आहे. अख्खा वॉर्मर फ्रीझरमध्ये घालू नका आणि नळाखालीही धरू नका, आत वायर आहे.

नव्या वड्या जुन्यावर टाकू नका. वासांची भेळ होते ती एक, आणि वाटी भरून ओसंडली तर मेण थेट बल्बवर.

बेसिनचं तर काय बोलू! कढत पाण्याने मेण गेल्यासारखं दिसतं, पण दोन हात पुढे पाइप गार असतो, तिथे ते थिजतं. तुमचा बूच हाताला लागला हे नशीब. ज्यांच्याकडे सेप्टिक टँकपर्यंत लांब पाइप गेलाय त्यांना अंगण खणावं लागतं.

निवृत्त मास्तर, साखळी

एका वासासाठी वीज, बल्ब, मेण, कापूस आणि प्लंबर. आमच्या वेळी निखाऱ्यावर चिमूटभर धूप टाकला की काम व्हायचं. राख झाडाच्या मुळाशी, संपला विषय.

असो. सुनेने तसलाच एक आमच्याकडेही आणला आहे. बल्ब गेला म्हणून मी दुकानातून एलईडी आणून लावला. उजेड झकास पडतो, पण दीड तास झाला, वडी जशीच्या तशी. मेणात दोष आहे का?

मडगावची मेणवाली

मास्तर, दोष बल्बात आहे. एलईडी फार कमी तापतो, आणि वॉर्मरला उजेड नको, ऊब हवी. त्याला जुन्या जातीचा, तापणारा बल्बच लागतो, बहुतेक २० किंवा २५ वॅटचा हॅलोजन. वॉर्मरच्या बुडाला आकडा छापलेला असतो, तेवढ्याच वॅटचा लावा. लवकर वितळावं म्हणून ४० वॅटचा लावू नका. तुम्ही लावाल असं वाटलं, म्हणून सांगितलं.

निवृत्त मास्तर, साखळी

लावणारच होतो.

म्हार्दोळची सून

सगळ्यांचे आभार. काल रात्री केलं, सांगते.

आधी चकतीचा प्रयोग. बटण लावलं, घड्याळ पाहिलं, तीन मिनिटांनी बंद. अंगठ्याने दाबलं, हललं नाही. परत लावलं, आणि नेमकी तेव्हा वीज गेली. पाऊस आमचा! अर्ध्या तासाने आली तोवर सगळं पुन्हा थिजलेलं. तिसऱ्या खेपेला चार मिनिटं ठेवलं, तर कडेला पातळ रेघ दिसली आणि दाबताच चकती सुळकन निघाली ती सरळ माझ्या पायावर. गुळगुळीत, मोदकाच्या उकडीसारखी पांढरी. तळाशी राहिलेलं कापसाने टिपलं, एका बोळ्यात झालं. जुन्या ओरखड्यांत थोडं मेण अडकलंय, ते राहू दे.

सगळ्यात मजा म्हणजे चकती केरात टाकत होते, तर सासूबाई म्हणाल्या, “आण इकडे.” आमच्या देवघराचा सागवानी खण पावसात फुगतो, चतुर्थीपर्यंत कोणाला उघडत नाही. त्यांनी तो हिसके देत बाहेर ओढला, दोन्ही कडांवर आणि खालच्या पट्टीवर चकती साबणासारखी घासली आणि ढकलला. बोटाने ढकलला जातो आता.

वॉर्मरबद्दल वर्षभर चकार शब्द न काढलेल्या बाईने आज सकाळी विचारलं, “पुढची कधी निघते?” न्हाणीघराचं दारही अडकतंय म्हणे.